शिशाचा आकडा

लग्नाच्या पंगतीत आमच्या साहेबांच्या शेजारचं पान शक्यतो कुणी घेत नसे. नवखा पाहुणा बसलाच, तर भात येईपर्यंत सगळं ठीक चालायचं. वाढपी भाताची मूद टाकून पुढे सरकला की साहेब त्याला थांबवायचे. एक शीत चिमटीत घ्यायचे, उजेडाकडे धरायचे आणि विचारायचे, "हा तांदूळ कुठला?"

"मोंढ्यातला, साहेब."

"मोंढ्यात विकतात. उगवतो कुठं?"

वाढप्याला पुढची शंभर पानं दिसत असायची. तो सुटून पळायचा. मग साहेब शेजारच्याकडे वळायचे आणि तांदूळ पांढरा करताना कोंड्याबरोबर लोह कसं जातं, जीवनसत्त्व कसं जातं आणि मागे उरतो तो नुसता खडू कसा असतो, हे मठ्ठा येईपर्यंत समजावून सांगायचे. स्वतः भाताला हात लावायचे नाहीत. गुलमंडीवरच्या एका लग्नात मुलीच्या वडिलांना वाटलं, मानपानात काही राहिलं म्हणून साहेब भात टाकून उठले. ते बिचारे हात जोडून मागे आले. साहेब म्हणाले, "तुमच्यावर राग नाही हो, तांदळावर आहे." त्या घराशी पुढे आमच्या ऑफिसातल्या कुणाचंच येणंजाणं राहिलं नाही.

हे सगळं मी हसत हसत सांगत आलो. साहेबांच्या नकला कराव्यात तर मीच, असं ऑफिसात माझं नाव होतं. निरोप समारंभ असो की कोजागिरी, मला आग्रह व्हायचा आणि मी उभा राहायचो. पण नकला झाल्या की जे सांगायचं उरतं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ते सांगायची लाज वाटत होती आणि अजून वाटते, म्हणून आधी गमती सांगून घेतल्या इतकंच.

अन्नाचे नमुने तपासणारी आमची प्रयोगशाळा स्टेशन रोडवरच्या एका जुन्या बंगल्यात होती. न्हाणीघरात भट्टी आणि स्वयंपाकघरात तराजू. साहेब तिथले प्रमुख. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकता चिकटलेला, अजून कायम न झालेला. साहेबांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या निजामाच्या दफ्तरात कारकुनी. ते स्वतः हैदराबादेत उर्दूतून रसायनशास्त्र शिकले. मग पोलीस ॲक्शन झालं, राज्य बदललं, दफ्तराची भाषा बदलली. साहेबांच्या डोक्यातलं रसायनशास्त्र मात्र उर्दूतच राहिलं. नायट्रिक ॲसिड त्यांच्या लेखी 'शोरे का तेजाब', आर्सेनिक म्हणजे 'संखिया' आणि डिस्टिल्ड वॉटर म्हणजे 'आब-ए-मुकत्तर'. सकाळी आल्यावर हात तीनदा धुवायचे, तिसऱ्यांदा आब-ए-मुकत्तरनं. आम्हा पोरांना ते 'चिरंजीव' म्हणायचे. रागावले तरी आवाज चढायचा नाही, फक्त 'चिरंजीव'चं 'जनाब' व्हायचं. तेवढ्यानं आम्ही झालेलं काम पुन्हा करायला घ्यायचो.

त्यांचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं होतं. तिचं नाव ब्लँक. तांदळात शिसं किती, हे बघायचं तर तांदूळ दळून तेजाबात शिजवावा लागतो आणि ते पाणी यंत्राला द्यावं लागतं. पण तेजाबात स्वतःचं थोडं शिसं असू शकतं, काचेला चिकटलेलं असू शकतं. म्हणून शेजारच्या चंबूत तेच तेजाब, तेवढंच, तितकाच वेळ शिजवायचं, फक्त तांदूळ घालायचा नाही. त्यात जे शिसं दिसेल ते आपलं, तांदळाचं नव्हे. ते वजा करायचं. हा बिनतांदळाचा चंबू म्हणजे ब्लँक, आणि तो रोज नवा लावायचा. साहेब म्हणायचे, "दुसऱ्याच्या ताटातली माशी दाखवायच्या आधी आपल्या चष्म्यावर डाग आहे का बघावं." सकाळी दारातून आत येताना नमस्काराच्या आधी त्यांचा प्रश्न यायचा, "ब्लँक लावला?" शिपायालासुद्धा विचारायचे. एकदा तंद्रीत पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, "लावला, साहेब," आणि पत्रं ठेवून गेला.

औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या घरी गेलं की चहा मिळायचा नाही. मिळायचा तो भाताचा मांड, मीठ-जिरं घालून, कपबशीत. साहेबांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. त्या कपबशी पुढे करताना डोळे वर उचलायच्या नाहीत. एकदा साहेब आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "माझ्या माहेरची माणसं आता रस्त्यातच चहा पिऊन येतात. तुम्ही पोरं गुणाची, गिळता तरी." साहेबांना आतून ऐकू गेलं. ते म्हणाले, "मांड ओतून देणं म्हणजे दूध सांडून भांडं चाटणं." काकू म्हणाल्या, "बघा, सुरू झालं."

पण हा माणूस नुसता हातसडीचा भगत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. भगत असते तर बरं झालं असतं. ते म्हणायचे, "कोंडा म्हणजे घरातली थोरली सून. चांगलं-वाईट जे घरात येईल ते आधी तिच्या अंगावर. लोह तिथंच, जीवनसत्त्व तिथंच, आणि मातीत संखिया असला तर तोही तिथंच. म्हणून हातसडीचा खायचा, पण झडती घेऊन."

त्यांना आवडलेला असा एकच तांदूळ मी पाहिला. सिल्लोडच्या आठवडी बाजारात ते तेलाचे नमुने घ्यायला गेले होते. तिथं एक बाई टोपल्यात तांबूस तांदूळ घेऊन बसली होती. साहेबांनी दाणा दाताखाली धरला आणि धोतरवाल्या म्हाताऱ्यासारखी पँटीसकट मातीत मांडी घातली. आपल्याकडचा सगळा ज्वारी-बाजरीचा मुलूख, इथं साळ कोण लावतंय? पण अजिंठ्याच्या डोंगराखाली त्या बाईच्या गावात पाझराच्या पाण्यावर चार खाचरं होती आणि सात घरच्या बायकांनी सासूकडून सुनेकडे अशी ती साळ जपली होती. बी बाजारात मिळायचं नाही. ह्यांच्या कणगीत होतं तेवढंच. उखळात कांडायच्या, घरी खायच्या, उरलं तर विकायच्या. त्या बाईला सगळं गाव आक्का म्हणायचं, साहेबही म्हणू लागले. पूर्ण टोपलं मांडीवर घेऊन ते एसटीनं परत आले आणि आठवडाभर त्या तांदळाचं लोह मोजत बसले.

शहरात मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथल्या मुली पांढऱ्याफटक दिसतात, जिना चढताना धापा टाकतात, असं तिथल्या रेक्टरबाईंचं म्हणणं होतं. साहेबांनी वर्षभर अर्ज करकरून आक्काचा तांदूळ तिथं सुरू करवला. खात्यातले लोक हसायचे. साहेब आक्काला म्हणाले, "आक्का, तांदूळ नाही हा, औषध आहे."

आक्का म्हणाली, "अवशिद कशाचं, सायेब? भूक लागली की खायाचं."

मग आमच्याकडे धातू मोजायचं नवीन यंत्र आलं. प्रत्येक धातूचा त्यात वेगळा दिवा. साहेब रोज अर्धा तास आधी येऊन दिवा तापवत बसायचे. शिशाचे पहिले नमुने कुणाचे घ्यायचे यावर चर्चा झाली, तेव्हा म्हणाले, "आक्काचे. आधी आपल्या माणसाची झडती." तीन खाचरांतल्या तांदळाच्या तीन पुड्या आल्या आणि त्यांनी त्या माझ्या हातात दिल्या. "चिरंजीव, हे तुम्ही करा."

तो शनिवार होता, अर्धा दिवस. माझ्या एका मित्राला वाळूजला नोकरी लागली होती. त्यानं दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं आणि माझाही अर्ज तिथं कुणाच्या तरी कानावर घालणार होता. मी सकाळी तेजाबाची नवी बाटली फोडली, तीन चंबू चढवले, शिजवले, उतरवले. तेव्हा लक्षात आलं की चौथा ठेवलाच नाही. ब्लँक राहिला. आता लावायचा तर आणखी दोन-अडीच तास.

विसरलो, इथवर चूकच. चुकीची लाज वाटायचं कारण नाही, ती कुणाच्याही हातून होते. मी काल यंत्र चालवून बघताना लावलेल्या ब्लँकचा आकडा घेतला, कालच्या बाटलीचा, त्यात शेवटचा अंक थोडा बदलला म्हणजे नवा वाटेल, आणि वहीत लिहिला. मग दिवा बंद करून सायकल काढली. जेवण चांगलं होतं. मी दोनदा श्रीखंड घेतलं, हेही मला आठवतं.

सोमवारी साहेबांनी आकडे पाहिले आणि खुर्चीत बसले. शिसं मर्यादेच्या बरंच वर होतं. "तिन्हींत?"

"तिन्हींत, साहेब."

"खाचरं तीन, पाणी वेगळं, माती वेगळी. सगळ्यांना सारखंच शिसं कसं वाढलं कुणी?" ते माझ्याकडे नव्हे, वहीकडे बघत होते. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "ब्लँक लावला होता?"

"लावला होता, साहेब."

त्यांनी वहीतल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. वहीवर त्यांचा पोथीसारखा विश्वास. "राखीव नमुना काढा. पुन्हा करा."

मी पुन्हा केलं, त्याच बाटलीतल्या तेजाबानं. ह्या वेळी वेळ होता, चंबू होते, घाई कसलीच नव्हती. तरी ब्लँक लावला नाही, वहीत पुन्हा तसाच आकडा लिहिला. लावला आणि शनिवारपेक्षा भलताच आकडा आला, तर काय उत्तर द्यायचं, ह्या धास्तीनं लावला नाही. तांदळाचा विचार माझ्या मनात नव्हता. आक्काचा तर नव्हताच. मला कायम व्हायचं होतं. अर्थातच तोच आकडा आला. राखीव नमुना संपला आणि साहेबांनी अहवालावर सही केली. वसतिगृहाला तांदूळ थांबवायचं पत्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. कुणीतरी म्हणालं, एकदा वर विचारून बघा. ते म्हणाले, "माझी शिफारस आहे म्हणून शिसं कमी होतं का?"

दुसऱ्या दिवशी ते गावाला निघाले आणि पिशवी धरायला मला बरोबर घेतलं. आक्काच्या ओसरीवर साताही घरच्या बाया जमल्या. साहेबांना गोड बोलून सांगता यायचं नाही. त्यांनी सरळ सांगितलं की तांदळात शिसं आहे, ते अंगात साठतं, मोठ्यांना एक वेळ सोसतं, पण लहान पोरांच्या मेंदूला बाधतं. बोलायला उशीर होतो, शिकायला उशीर होतो. हा दाणा आता कुणी तोंडात घालू नका.

आक्काची सून दाराशी पोरीला कडेवर घेऊन उभी होती. दोन-अडीच वर्षांची पोर, अजून एक शब्द बोलत नव्हती. सून म्हणाली, "सायेब, हिला म्या रोज मऊ भात चारला. त्याच्यानं व्हय?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तसं नाही हो. साहेब खोटं बोलायचे नाहीत. ते म्हणाले, "असू शकेल, बाई."

तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आत गेली. मी पिशवीचे बंद नीट करत बसलो.

चार दिवसांनी गावातून निरोप आला की आक्कानं सगळ्या घरच्या कणग्या रिकाम्या करवल्या आणि तांदूळ, साळ, बियाण्याचं गाठोडं सगळं अंगणात घालून पेटवलं. कोंबड्यांनासुद्धा टाकू दिलं नाही. म्हणाली, "इखाला दुसऱ्याच्या दारात कशाला टाकू?"

त्यानंतर आठवड्याभरात एका बड्या व्यापाऱ्याच्या हळदीचे नमुने आले. हळदीला रंग चढवायला शिशाची पिवळी पूड वापरतात काही लोक. व्यापारी वकील घेऊन फिरणारा, उद्या कोर्टात वही मागेल, म्हणून मी न विसरता, सगळ्यात आधी, ब्लँक लावला. बाटली तीच होती. यंत्रानं ब्लँकचा आकडा दाखवला आणि तो जवळजवळ आक्काच्या तांदळाचा आकडा होता. तांदूळ नाही, हळद नाही, नुसतं तेजाब. शिसं बाटलीत होतं.

व्यापाऱ्याच्या हळदीसाठी मी ब्लँक लावला आणि त्या बायांच्या तांदळासाठी लावला नाही. एवढं एक वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल, त्याला हिशेब नाही.

साहेब त्या दिवशी गावाला गेले होते. मी बाटली मोरीत ओतली, वर नळ सोडला, रिकामी बाटली भंगारात टाकली आणि नवी फोडली. साहेब परत आले तेव्हा सांगता आलं असतं. बी जळून गेलंय, आता सांगून काय मिळणार, असं मी मनाशी ठरवलं. ती सून माझ्या डोक्यात आलीच नाही असं नाही. आली. पुढच्या महिन्यात माझा कायम झाल्याचा कागद यायचा होता. तो आला, आणि साहेबांनी स्वतः पेढे मागवले.

खरी शिक्षा पुढेच होती, पण ती साहेबांनी भोगली. त्यांना एका प्रश्नानं झपाटलं. "सीसा आया कहाँ से?" डोंगराखालच्या गावात ना कारखाना, ना मोठा रस्ता. शिसं आलं कुठून? दर रविवारी ते सिल्लोडची एसटी धरायचे आणि तिथून गावाला जायचे. खाचराची माती आणायचे, विहिरीचं पाणी आणायचे, उखळाचा तळ खरवडून आणायचे. एकदा जेवणाचा डबा मातीनं भरून आणला आणि कंडक्टरनं उघडायला लावला. साहेबांनी त्याला खाली उतरेपर्यंत शिसं समजावून सांगितलं. मग त्यांना कल्हईचा संशय आला, कथिलात लबाडीनं शिसं मिसळतात म्हणून. साताही घरची भांडी त्यांनी राखेनं घासून घेतली, कल्हईवाल्याला शोधून काढलं आणि त्याच्याशी भांडण करून आले. तो म्हातारा म्हणे रडला. मी ही गोष्ट कोजागिरीला नकलेसकट सांगायचो. कंडक्टर, कल्हईवाला, साहेब, तिघांचे आवाज काढायचो आणि लोक पोट धरून हसायचे.

प्रत्येक नमुना ते माझ्याकडेच द्यायचे. "चिरंजीव, तुमचा हात साफ आहे." मी इमानानं ब्लँक लावायचो, इमानानं मोजायचो आणि 'काही नाही' असं सांगायचो. ते तोंडातल्या तोंडात 'कहाँ से' म्हणत पुढची बाटली काढायचे. हातसडीच्या तांदळाबद्दल बोलणं त्यांनी सोडून दिलं. वर खात्यात शेरा गेला होता की ह्यांनीच शिफारस केलेला माल दूषित निघाला. बढती राहिली ती राहिलीच. निवृत्त झाले त्या दिवशी भाषणात म्हणाले, "नोकरीभर बरंच काही सापडलं. एक शिसं तेवढं सापडलं नाही." सगळे हसले. मीही हसलो.

निवृत्तीनंतरही दर वर्षी दिवाळी झाली की ते एक तरी बाटली घेऊन यायचे. तोवर त्यांच्या खुर्चीत मी बसत होतो. समोर बाकावर ते बसायचे, मी चहा मागवायचो, ते प्यायचे नाहीत. असं चार वर्षं चाललं. बी जळाल्याला नऊ वर्षं झाली त्या वर्षी आले ते उजवा हात गळ्यात बांधून. सिल्लोडच्या स्टँडवर एसटीतून उतरताना पडले होते. डाव्या हातानं त्यांनी पिशवीतून बाटली काढली, पाझराच्या पाण्याची. "हात मोडला, पण बाटली वाचवली," ते लहान पोरासारखे खूश होऊन म्हणाले.

मी उठून दार लावलं आणि म्हणालो, "साहेब, ब्लँक लावला नव्हता."

त्यांना आधी कळलं नाही. मी सगळं सांगितलं. शनिवार, जेवण, कालचा आकडा, राखीव नमुना, हळद, मोरीत ओतलेली बाटली. ते खाली बघत ऐकत होते. मला वाटलं आता 'जनाब' येईल, मग उठून जातील, आणि तसं झालं असतं तर मी सुटलो असतो. पण त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे तांदूळ साफ होता?"

"साफ होता, साहेब."

"साफ होता," ते म्हणाले. आणि हसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसतच होते. "अरे, साफ होता तो तांदूळ!" मग डाव्या हातानं पिशवी उचलली. "चला. आत्ता निघालो तर दुपारपर्यंत पोचू."

बसमध्ये सिल्लोड सुटल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिथं तुम्ही सांगायचं, जनाब. सही माझी होती, ते माझं मी बघीन. ब्लँक तुमचा होता." मी हो म्हणालो. 'आक्का, चूक माझी होती, मी खोटं बोललो,' हे वाक्य मी बसमध्ये मनातल्या मनात घोकत होतो. सोपं वाक्य होतं.

आक्का थकली होती. ओसरीवर कापूस निवडत बसली होती. साहेबांचा बांधलेला हात बघून उठली आणि घोंगडी टाकली. खाचरांत आता मका उभा होता. साहेब बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. आक्काही बघायला लागली.

मी म्हणालो, "आक्का, तुमच्या तांदळात शिसं नव्हतं. त्या वेळी प्रयोगशाळेत एक चूक झाली होती."

कुणी केली ते मी बोललो नाही. साहेब वाट बघत होते. मला ते दिसत होतं, तरी पुढचं वाक्य तोंडातून बाहेर येईना.

आक्का बराच वेळ कापसातली काडी काढत राहिली. "म्हंजी चांगला व्हता तांदूळ?"

"चांगला होता, आक्का," साहेब म्हणाले. "सही माझी होती. मी बघायला पाहिजे होतं."

"आन आमी बी जाळलं." तिचा आवाज चढला नाही. "लेकीनं मागितलं व्हतं एक पायली. तिला बी नाय दिलं. आता कुठून आनायचं, सायेब?"

आतून सून आली. ती दाराआडून ऐकत होती. तिच्या मागे अकरा-बारा वर्षांची पोरगी. पोरगी उशिरा का होईना बोलायला लागली होती, पण अडखळायची आणि शाळेत मागे होती, असं पूर्वी साहेबांकडूनच मला कळलं होतं. सून पुढे येऊन उभी राहिली.

"मंग हिचं बोलनं," ती म्हणाली, "ते भातानं नव्हतं?"

"नाही, बाई."

"म्या चारलं त्याच्यानं नाय झालं?"

"नाही. तुम्ही काही केलं नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही पोरीला चांगलंच खाऊ घातलं. शेजारीपाजारी कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा."

ती तिथंच मटकन खाली बसली. नऊ वर्षांचं रडू होतं, ते लवकर थांबलं नाही. पोरगी आईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग सून उठली, डोळे पुसले आणि साहेबांच्या पायांशी वाकली. "लई मोठं वझं उतरलं, सायेब. देवासारखे आलात."

साहेबांनी घाईघाईनं दोन्ही पाय मागे ओढले आणि घोंगडीवरून उठून उभे राहिले. मग ती माझ्या पायांशी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.